अंधुक दीर्घिकांच्या जोड्या : ८ इंचीतून दोन वेगळ्या कशा बघायच्या, आणि फोटो काढायचा तर कुठली जोडी?

पुणेरी_डॉब

नमस्कार मंडळी. माझ्याकडे ८ इंची डॉब (डॉब्सोनियन, साध्या बैठकीवरची आरशाची दुर्बीण) आहे, एफ/६, म्हणजे फोकल लेंथ १२०० मिमी. आयपीस २५ आणि १० मिमी, आणि एक साधा २एक्स बार्लो (पॉवर दुप्पट करणारं भिंग). मेसिए यादीतल्या (ज्यांच्या नंबराआधी एम येतं त्या) दीर्घिका बऱ्यापैकी बघून झाल्यात, एम ५१ आणि तिची जोडीदार एनजीसी ५१९५ (एनजीसी ही दुसरी, मोठी यादी, खाली दीर्घिकांचे नुसते आकडे येतील ते तिचेच) भोरच्या पुढे गेलं की स्वच्छ वेगळ्या दिसतात, एम ८१-८२ तर शहराच्या कडेवरूनसुद्धा मिळतात. आता डोक्यात जोड्यांचंच खूळ शिरलंय. एकाच फील्डमध्ये दोन दीर्घिका, आणि त्या खरंच एकमेकींना ओढतायत, हे स्वतःच्या डोळ्यांनी बघायचंय.

फेब्रुवारीच्या अमावस्येला कन्या राशीतल्या एनजीसी ४५६७ आणि ४५६८ लावल्या. २५ मिमीमध्ये एक फिकट डाग दिसला, जरासा लांबट, पण दोन आहेत असं काही छातीठोक सांगता येईना. यादीत प्रत (उजळपणाचा आकडा, जितका मोठा तितकी वस्तू फिकी) ११.३ आणि १०.८ लिहिलीये, ८ इंचीतून १३ च्या पुढच्या तारका दिसतात, मग ह्या दोघी वेगळ्या का दिसू नयेत? दुर्बीण कमी पडतेय, आकाश कमी पडतंय की बघायची पद्धत? १२ इंची घ्यायचा विचार मनात येतोय म्हणून आधीच विचारतो.

दुसरं, मावसभावाकडे ७२ मिमीचा रिफ्रॅक्टर आहे, फोकल लेंथ ४३२, सोबत इक्वेटोरियल माउंट (आकाशाबरोबर फिरणारी बैठक), गायडिंग आणि साधा क्रॉप सेन्सरचा डीएसएलआर. तो म्हणतो ह्या फोकल लेंथला दीर्घिका म्हणजे ठिपके, आपण तेजोमेघच काढू. खरंच काही होण्यासारखं नाही का?

हत्तीचा_पाऊस

१२ इंचीचे पैसे तूर्तास खिशातच राहू द्या. दुर्बीण कमी पडत नाहीये.

प्रतीचा आकडा दीर्घिकेच्या बाबतीत फसवतो. ११ प्रत म्हणजे त्या दीर्घिकेचा सगळा उजेड एका बिंदूत गोळा केला तर ती ११ प्रतीच्या तारकेएवढी दिसेल. पण तो उजेड चार-साडेचार आर्कमिनिट (अंशाचा साठावा भाग, आणि त्याचा साठावा भाग म्हणजे आर्कसेकंद) लांबीवर पसरलाय, त्यामुळे चौरस आर्कसेकंदाला वाट्याला येणारा उजेड आकाशाच्या स्वतःच्या उजेडाच्या आसपास किंवा त्याहून कमी होतो. तुमची १३ प्रतीची तारका बिंदू आहे, तिचं ह्यांच्याशी काही देणंघेणं नाही. म्हणून जोडी निवडताना प्रतीच्या शेजारी पृष्ठीय तेजस्वितेचा रकाना असेल तर आधी तो वाचा.

आता तुमचं २५ मिमी. ते देतं ४८ पट. ४५६७ आणि ४५६८ ह्यांच्या केंद्रांमधलं अंतर सुमारे ७३ आर्कसेकंद आहे, ते ४८ पटीला डोळ्याला एक अंशाच्या आतबाहेर दिसतं. उजेडात एक अंश म्हणजे भरपूर, पण अंधारात डोळ्याच्या ज्या पेशी काम करतात त्यांना बारीक तपशील कळत नाही, मोठं आणि फिकट कळतं. १० मिमी लावा, १२० पट होतील, तेच अंतर जवळजवळ अडीच अंश होईल आणि मागचं आकाशही काळं पडेल. दीर्घिकाही तेवढीच फिकी होते हे खरं, दोघांमधला फरक काही वाढत नाही, पण मोठी झालेली फिकट गोष्ट डोळा पकडतो. अंधुक वस्तूला कमी पॉवर लावायची हा सल्ला पसरलेल्या तेजोमेघांना ठीक आहे, जोड्यांना नाही.

नजर तिरकी ठेवायची हे माहीत असेलच, पण कुठल्या बाजूला हे सहसा कुणी सांगत नाही. उजव्या डोळ्याने बघत असाल तर नजर दीर्घिकेच्या उजवीकडे टाका, म्हणजे दीर्घिका नाकाच्या बाजूला येते. उलट केलंत तर ती डोळ्याच्या आंधळ्या बिंदूवर जाऊन बसेल आणि गायब होईल. डावा डोळा असेल तर डावीकडे. मग नळीला बोटाने हलकीशी टिचकी मारा, हलणारी फिकट वस्तू डोळ्याला लगेच सापडते. आणि डोक्यावर काळं कापड घ्या, खरंच घ्या, आजूबाजूच्या वाडीतला एक बल्बसुद्धा अर्ध्या तासाची मेहनत घालवतो.

सुरुवात मात्र ह्या जोडीने करू नका. एम ६० लावा, तिला खेटूनच एनजीसी ४६४७ आहे, अंतर अडीच आर्कमिनिट. एम ६० लख्ख दिसते आणि वायव्येला दुसरी हळूहळू उगवते, त्याने डोळ्याला कळतं काय शोधायचंय ते. मग मार्केरियनच्या साखळीतल्या (कन्येतली दीर्घिकांची ओळ) ४४३५ आणि ४४३८, सिंह राशीत अल्जीबा ह्या तारकेच्या पूर्वेला एक अंशाच्या आत ३२२६ आणि ३२२७. ह्या झाल्या की परत ४५६७ कडे या. एम ५८ पासून नैर्ऋत्येला अर्ध्या अंशाहून थोडं पुढे, आणि खूण म्हणजे बरोबर उत्तरेला अकरा आर्कमिनिटांवर एनजीसी ४५६४, ती छोटी आणि नीट केंद्र असलेली आहे. १२० पटीला तिघी एका फील्डमध्ये बसतात. डागात दोन केंद्रं शोधायच्या मागे लागू नका, डागाचा आकार बघा. एका टोकाला चिकटलेल्या दोन रेघा, मध्ये गडद खाच. आधी खाच दिसते, मग दोन दीर्घिका.

फेब्रुवारीत कन्या मध्यरात्रीनंतर वर येते, तुम्ही किती वाजता बघितलीत? पूर्वेला ३० अंशांवर असताना बघितली असेल तर डाग दिसला हेच खूप.

फोटॉन_वेचणारा

तुमच्या मावसभावाला माझा निरोप द्या, ४३२ मिमीला कन्या राशीइतकं चांगलं दुसरं काही नाही :)

हिशोब करू. साधारण २४ मेगापिक्सेलच्या क्रॉप सेन्सरला पिक्सेल ३.७ मायक्रॉनचा असतो. २०६ गुणिले ३.७ भागिले ४३२, म्हणजे एका पिक्सेलला सुमारे १.८ आर्कसेकंद. ४५६७-६८ च्या केंद्रांमध्ये ४० पिक्सेल पडतात आणि अख्खी जोडी दीडशे पिक्सेलची होते. म्हणजे ठिपका नक्कीच नाही, दोन वेगळ्या सर्पिल दीर्घिका म्हणून ओळखता येतील, आणि आपल्याकडचं सीइंग (हवेच्या थरथरीने तारका जेवढी पसरते ते माप) बऱ्याच रात्री अडीच-तीन आर्कसेकंदांचं असतं तेव्हा १००० मिमी लावून मिळणारा फायदा वाटतो तेवढा मोठा नसतो.

त्यापेक्षा ह्या फोकल लेंथची खरी ताकद वापरा. फ्रेम होते ३ अंश बाय २ अंश. लांब बाजू पूर्व-पश्चिम ठेवा आणि मध्य साधारण विषुवांश १२ तास ४० मिनिटं, क्रांती अधिक ११ अंश ५४ आर्कमिनिट इथे धरा. एका फ्रेममध्ये एम ५८, एम ५९, एम ६०, एम ८९ आणि वर सांगितलेल्या ४५६७-६८ आणि एम ६०-४६४७ ह्या दोन्ही जोड्या येतात. शिवाय ह्या दोन्ही जोड्यांत सुपरनोव्हा होऊन गेलेत, ४५६८ मध्ये २०२० साली आणि ४६४७ मध्ये २०२२ च्या एप्रिलमध्ये. दरवर्षी तीच फ्रेम काढत राहिलात तर कधीतरी एक नवा ठिपका तुमच्याच फोटोत असेल, ही मला ह्या छंदातली सगळ्यात भारी गोष्ट वाटते.

आता मुद्दा आकाशाचा. शहरातलं आकाश एसक्यूएमवर (आकाशाचा काळोख प्रतींत मोजायचं यंत्र) १८.५ असेल आणि चांगल्या अंधाऱ्या गावात २१.५ असेल तर फरक तीन प्रतींचा, म्हणजे आकाशाचा उजेड १६ पट. दीर्घिकेच्या फिकट भागासाठी तेवढाच गोंगाट-दर्जा (सिग्नल-नॉइज प्रमाण) हवा असेल तर एक्स्पोजरची एकूण वेळही १६ पट लागते. गावातला एक तास म्हणजे गच्चीवरचे सोळा तास! पेट्रोल घालून जा. फिल्टरने हे भरून निघत नाही, ते ड्युअल बँड फिल्टर तेजोमेघांच्या ठराविक रेषांसाठी असतात, दीर्घिकेचा उजेड म्हणजे तारकांचा उजेड, सगळ्या रंगांत पसरलेला, फिल्टर लावला की दीर्घिकाही आकाशाबरोबर कापली जाते.

डीएसएलआरला थंड करायची सोय नाही हे एप्रिलमध्ये जाणवतं. रात्री पंचवीस अंश तापमान, सेन्सर त्याहून गरम, आणि दर पाच-सहा अंशांना डार्क करंट (उजेड नसतानाही सेन्सरवर साठणारा सिग्नल) दुप्पट होतो. आयएसओ ८००, तीन मिनिटांचे फ्रेम घ्या आणि डिदरिंग न चुकता चालू ठेवा, गायडिंग आहेच तर दर दोन-तीन फ्रेमला माउंट थोडं सरकू दे, नाहीतर स्टॅक केल्यावर (सगळे फ्रेम एकावर एक रचल्यावर) तिरप्या रेघांचा पाऊस पडलेला दिसतो.

आणि फ्लॅट्स, म्हणजे एकसारख्या उजळ पृष्ठभागाचे फोटो, ज्यांनी धुळीच्या सावल्या आणि कोपऱ्यातला काळोख काढता येतो. जोड्यांच्या फोटोत फ्लॅट्सचा कंटाळा अजिबात करायचा नाही. ज्या गोष्टीसाठी आपण जोडी काढतोय, म्हणजे भरतीच्या ओढीने निघालेली शेपटी, दोघींमधला पूल, त्या आकाशापेक्षा शेकडा एक-दोन टक्क्यांनी उजळ असतात किंवा त्याहूनही कमी, आणि सेन्सरवरच्या धुळीची सावली किंवा कोपऱ्यातला काळोखही तेवढाच असतो. प्रोसेसिंगमध्ये सिरिल किंवा ग्राएक्सपर्ट ह्या प्रोग्रॅमने ग्रॅडियंट (आकाशाचा असमान उजेड) काढताना नमुन्याचे ठिपके जोडीच्या अगदी जवळ ठेवले तर प्रोग्रॅम शेपटीलाच ग्रॅडियंट समजतो आणि पुसून टाकतो. मी जोडीभोवती मोठी मोकळी जागा सोडतो, मगच बटण दाबतो. शार्पनिंग आणि नॉइज घालवणाऱ्या एआयवरही डोळे मिटून विश्वास टाकू नका, फिकट भागात ते हात सैल सोडतं आणि नसलेल्या गाठी दाखवतं. शंका आली की फोटो उलटा करा, काळ्याचं पांढरं, आणि अलादीन ह्या आकाशाच्या नकाशांच्या प्रोग्रॅममध्ये त्याच जागेचा सर्व्हे फोटो उघडून शेजारी ठेवा. दोन्हीकडे असेल ते खरं.

मँचेस्टरकर

इथून साडेत्रेपन्न अक्षांशावरून तुमचा हेवा वाटतो राव. एम ५१ इथे डोक्यावर येते, ते सोडलं तर जोड्यांच्या बाबतीत दक्षिण आमच्या हातची गेलेली. हस्त नक्षत्रातली अँटेना जोडी, एनजीसी ४०३८ आणि ४०३९, इथे जास्तीत जास्त १८ अंश वर येते, म्हणजे शेजारच्या छपराला टेकून, आणि मेच्या मध्यापासून तर खरी रात्रच होत नाही. पुण्यातून तीच जोडी ५२ अंशांवर! ती सोडून तुम्ही ४५६७ च्या मागे का लागलात? यामीतली (एरिडॅनस) १५३१-१५३२ आहे, व्याध तारका जिथे आहे त्या बृहल्लुब्धकातली २२०७ आणि आयसी २१६३ आहे, ह्या सगळ्या तुम्हाला सहज मिळणाऱ्या. हिवाळ्यात सुट्टीला घरी येतो तेव्हा मी ह्याच बघतो.

पुणेरी_डॉब

सगळ्यांचे मनापासून आभार. @हत्तीचा_पाऊस, साडेअकराला बघितली होती, म्हणजे तशी खालीच होती. ह्या वेळी १० मिमी आणि काळं कापड दोन्ही.

अजून एक विचारायचंय. दोन दीर्घिका शेजारी दिसल्या म्हणजे त्या खरंच शेजारी असतात असं नाही ना? मागे-पुढे असू शकतात. मग कुठली जोडी खरी आणि कुठली नुसती दिसायला जोडी, हे आपल्यासारख्याने कसं ठरवायचं? मला ओढाओढ चाललेलीच बघायचीये.

वर्णपट

हा प्रश्न विचारलात ते फार बरं केलंत, कारण यादीत जोडी लिहिलं की आपण पुढे बघतच नाही.

पहिली पायरी म्हणजे दूर जाण्याचा वेग, साधारणपणे तो जितका जास्त तितकी दीर्घिका लांब. नेड नावाचा डेटाबेस सगळ्यांना खुला आहे, दीर्घिकेचा नंबर टाका, सेकंदाला किती किलोमीटर ते मिळतं. ४५६७ आणि ४५६८ दोघींचा वेग २,२५० च्या आसपास, जवळजवळ सारखा. उलट उदाहरण म्हणजे महाश्वातलं स्टेफनचं पंचक, १८७७ मध्ये सापडलेलं. त्यातल्या ७३२० चा वेग साधारण ८०० आणि बाकीच्यांचा ५,७०० ते ६,७००, म्हणजे ती बाई आपल्या बाजूला चार कोटी प्रकाशवर्षांवर आणि बाकीचं कुटुंब सुमारे २९ कोटींवर. वासुकीतली ३३१४ तर याहून कमाल, एक सर्पिल दीर्घिका बरोब्बर दुसरीच्या समोर, दोघींचा काही संबंध नाही. पण त्यामुळेच पुढचीची धूळ मागचीच्या उजेडावर काळी उमटते आणि धूळ किती आहे ते मोजता येतं. उणे २७ अंशांवर आहे, आपल्याकडून ४३-४४ अंश वर येते, फोटोला घ्याच.

पण कन्येत वेगाचा हा नियम जपून वापरा. तिथे हजाराहून जास्त दीर्घिकांचा समूह आहे आणि समूहाच्या गुरुत्वामुळे त्यातल्या दीर्घिका आतल्या आत प्रचंड वेगाने फिरतात. एम ८६ तर आपल्या दिशेनेच येतेय. ४४३५ आणि ४४३८ च्या वेगांत सातशेचा फरक आहे, एरवी एवढ्यावर जोडी रद्द केली असती. ४४३८ मात्र सरळसरळ मोडलेली, वाकलेली दिसते, म्हणजे कुणीतरी तिला ओढलंय हे नक्की. बरीच वर्षं बोट ४४३५ कडेच होतं. मग २००८ मध्ये ४४३८ पासून थेट एम ८६ पर्यंत तापलेल्या हायड्रोजनचे धागे सापडले, आणि आता धडक एम ८६ शी झाली असं मानायला मोठा आधार आहे. तेव्हा फील्डमध्ये त्या दोघी बघाल तेव्हा नजर एम ८६ कडेही न्या, तो सगळा पट्टा एका गोष्टीचा आहे.

म्हणून दुसरी पायरी म्हणजे आकार. शेपटी, पूल, वाकलेली तबकडी हे दिसलं तर गुरुत्वाचा हात लागलाय. आज हे सोपं वाटतं, पण शेपट्या गुरुत्वाने निघतात हे पटायला खूप वेळ लागला. स्वीडनचा एरिक होल्मबर्ग, ह्याने १९४१ साली कॉम्प्युटर नसताना दोन दीर्घिकांची धडक प्रयोगशाळेत केली. प्रत्येक दीर्घिकेसाठी ३७ दिवे टेबलावर मांडले. उजेड अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होतो आणि गुरुत्वही तसंच, म्हणून प्रत्येक दिव्याच्या जागी फोटोसेल ठेवून कुठल्या बाजूने किती उजेड येतो ते मोजायचं, तेवढं ओढलं जाणार असं धरून दिवा सरकवायचा, आणि परत मोजायचं. सगळे दिवे, प्रत्येक पावलाला! मला हे वाचल्यापासून कुठलीही जोडी बघताना तो टेबल आठवतो. पुढे १९७२ मध्ये टूमरे बंधूंनी कॉम्प्युटरवर दाखवलं की नुसत्या गुरुत्वाने लांब सडपातळ शेपट्या निघतात, आणि त्यांनी उदाहरणं घेतली त्यात अँटेना आणि अरुंधती केशातली उंदरांची जोडी, एनजीसी ४६७६, ह्या होत्या. त्याच वर्षी कराचेंत्सेव्हची एकट्या राहणाऱ्या जोड्यांची यादी आली, ६०३ जोड्यांची. समूहाच्या गर्दीतल्या नाहीत, म्हणून तुमच्या प्रश्नाला ती यादी सगळ्यात उपयोगी. आणि कन्येच्याच ५४२६ आणि ५४२७ बघा, ११-१२ प्रतीच्या, समूहाच्या बाहेर, ओढाओढ पक्की.

फोटॉन_वेचणारा

४६७६ साठी मात्र ४३२ मिमी नको. सुमारे ३० कोटी प्रकाशवर्षांवर, शेपटीसकट जेमतेम दोन-तीन आर्कमिनिट. तिथे डॉबच्या आकाराची नळी दणकट माउंटवर लागते आणि अंधाऱ्या आकाशाचे बरेच तास. नागपूरकडे कुणी असेल तर पेंच आहे, २०२४ च्या जानेवारीत भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून जाहीर झालं ते. महाराष्ट्रातच असून आपण सगळे लडाखचीच तिकिटं बघत बसतो ह्याचं मला वाईट वाटतं.

पुणेरी_डॉब

ठरलं, येत्या एप्रिलच्या अमावस्येला डॉबवर अँटेना, आणि शेजारी मावसभाऊ कन्येची ती फ्रेम लावणार, त्याला हिशोब दाखवला आणि तो तयार झालाय. अँटेनाला जायचा सोपा रस्ता आहे का? तिथे आजूबाजूला ठळक काहीच दिसत नाही. आणि शेपट्या दिसतील का?

हत्तीचा_पाऊस

रस्ता एकदम सोपा. हस्ताचा चौकोन दक्षिणेला तोंड करून बघा. वरच्या बाजूच्या दोन तारका, डावीकडची डेल्टा आणि उजवीकडची गॅमा. डेल्टापासून गॅमापर्यंत रेघ ओढा आणि ती तेवढीच पुढे उजवीकडे न्या, साडेतीन अंश. तिथे जोडी आहे. फाइंडरमध्ये पाचव्या प्रतीची एक तारका दिसेल, ३१ क्रेटेरिस, जोडी तिच्या उत्तरेला पाऊण अंशावर.

शेपट्या ८ इंचीतून दिसणार नाहीत, त्या मावसभावाच्या कॅमेऱ्याला ठेवा. पण जोडीचं अंग दिसेल, वळून तोंडाशी आलेल्या कोळंबीसारखं, आणि १२० पटीला पोटाच्या बाजूची खाच. उत्तरेकडची ४०३८ जास्त उजळ आणि रुंद आहे, आधी ती पकडा.

एप्रिलच्या मध्याला हस्त रात्री अकराच्या सुमारास ऐन दक्षिणेला असतं. त्याच्या अर्धा तास आधी डोळे अंधाराला सरावलेले हवेत. एकच सांगतो, एप्रिलमध्ये हवेत धूळ असते आणि डोंगरांवर वणवे लागलेले असतात, चांदण्या दिसतात पण दीर्घिका मरतात. निघायच्या दिवशी संध्याकाळी सूर्याभोवतीचं आकाश बघा, दुधाळ पांढरं असेल तर जोड्यांचा नाद त्या रात्री सोडा आणि तारकागुच्छ बघा. आदल्या दिवशी वळीव पडून गेला असेल तर मात्र काहीही झालं तरी जा, आणि ५४२६-५४२७ सुद्धा यादीत घ्या, त्या दोन तासांनी मागून वर येतात.